मला हा जामीनदार नको

पोलीस ठाण्यात बसून वाटाणे सोलायला कायद्यात कुठंही बंदी नाही. मी सगळी कलमं बघून घेतली आहेत. वाटाण्याचा हंगाम नसला तर गवार न्यायची. वकील म्हणून ताठ उभी राहून भांडले की फौजदार म्हणायचे, “मॅडम, बाहेर थांबा, चौकशी चालू हाय.” पण कोपऱ्यातल्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन भाजी निवडत बसलेल्या बाईला उठवायचं कसं, हे त्यांना कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नसतं. आणि बाहेर बाई बसलीय हे माहीत असलं की आतल्या माणसाच्या कानाखाली ओढताना हात जरा आवरला जातो. माझ्या वकिलीतला निम्मा युक्तिवाद मी असा गवार मोडत केला.

संपादकांचा फोन आला, “दिवाळी अंकासाठी तुमचे गमतीदार अनुभव लिहा.” गमतीदार! बातमी लिहिली म्हणून माणसाला उचलून नेतात, त्याच्या पोरीला शाळेत नको नको ते ऐकावं लागतं, आणि वाचकांना फराळासोबत गंमत पाहिजे. तरीपण लिहिते. गंमत जिथं सापडेल तिथं घ्या, बाकीचं घशाखाली उतरतंय का बघा.

मी कोल्हापुरातली, शिवाजी पेठेतली फौजदारी वकील. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून अलीकडं कोट खुंटीला लावला. खून, मारामाऱ्या, पोटगी, बांधावरच्या भानगडी, सगळं चालवलं. पण लोक मला ओळखतात ते वेगळ्या कामासाठी. सरकारला नकोशी बातमी छापली म्हणून ज्यांच्यावर गुन्हे दाखल होतात, त्या वार्ताहरांच्या केसेस माझ्याकडं यायच्या. सरकार कुठलं, ते विचारू नका. झेंडे बदलले, खुर्च्या त्याच राहिल्या, आणि त्या खुर्चीत जो बसला त्याला बातमी टोचलीच. आधी निदान शिव्या देऊन सोडायचे. हल्ली थेट गुन्हा.

ज्याला या धंद्यातलं काही माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. तुम्ही सकाळी चहाबरोबर तालुक्याची जी बातमी वाचता, ती लिहिणारा माणूस बहुतेक वेळा पेपरचा नोकर नसतो. त्याचं झेरॉक्सचं दुकान असतं, नाहीतर दोन म्हशी असतात. पेपरनं त्याला गळ्यात अडकवायला एक ओळखपत्र दिलेलं असतं, नेमणुकीचा कागद नाही. बातमी गाजली की ‘आमचे प्रतिनिधी’. गुन्हा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चौकट, ‘सदर इसमाशी आमच्या दैनिकाचा संबंध नाही’. कालपर्यंत प्रतिनिधी, आज इसम! एवढ्या लवकर तर घटस्फोटही मिळत नाही ओ.

माझ्याकडं येणारे एकेक नग होते. इचलकरंजीच्या एका पोरानं लूमच्या कारखान्याला रात्रपाळीत बाहेरून कुलूप लावतात, ही बातमी दिली आणि त्याला तडीपारीची नोटीस आली. धावत माझ्याकडं आला. मला वाटलं, घाबरलाय. तर विचारतो काय, “वकीलबाई, ही नोटीस पहिल्या पानावर लागंल का ओ?” दुसरे एक निवृत्त मास्तर होते. स्वतःचं चार पानी मासिक काढायचे आणि त्यात दर महिन्याला सरकारला फाडून खायचे. त्यांना कुणी हात लावेना. शेवटी चिडून मलाच म्हणाले, “सगळ्यांना नोटिसा येतात, मला का न्हाई? माझं कुणी वाचत न्हाई काय?” मी त्यांना चहा पाजला आणि वाचतात हो, म्हणून समजूत काढून परत पाठवलं.

पण सांगायचंय ते दिनकरचं.

आधीच सांगून ठेवते. नावं बदललीत. गाव बदललंय. मी गारगोटी म्हणेन, म्हणजे ती गारगोटीच असेल असं नाही. वसतिगृह म्हणेन, ते वसतिगृह असेल किंवा नसेल. बाई स्वयंपाकीण म्हणेन, ती काय होती ते तीन माणसांना ठाऊक आहे, आणि तिघंही तोंड उघडणार नाहीत. त्यातली एक मी, बाकीच्या दोघांना विचारून लिहितेय. तेव्हा कुणी खाकीतला वाचक हा अंक घेऊन पेन्सिलीनं खुणा करायला बसला असेल, तर त्यानं दिवाळीत बायकापोरांना घेऊन रंकाळ्यावर फिरायला जावं.

दिनकर गारगोटीकडचा वार्ताहर. मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान, बायको, एक पोरगी. तिथल्या मुलींच्या सरकारी वसतिगृहात पोरी काविळीनं आजारी पडल्या. पाण्याची टाकी कित्येक दिवस धुतली नव्हती. गृहपाल, म्हणजे वसतिगृह सांभाळणारा सरकारी अधिकारी, म्हणायचा की पोरींनी बाहेरचं तेलकट खाल्लं. कुणाला दवाखान्यात नेईना, आईबापांना कळवू देईना, कारण मंत्री येणार होते आणि नव्या कमानीचं उद्घाटन होतं. एकेका कॉटवर दोघी दोघी, डोळे पिवळे झालेल्या पोरी झोपून आहेत, असा एक व्हिडिओ दिनकरच्या हातात आला. चेहरे झाकून त्यानं तो पेपरच्या वेबसाईटवर लावला आणि बातमी दिली. उद्घाटन रद्द झालं. रुग्णवाहिका आली. पोरी वाचल्या.

आणि गुन्हा दाखल झाला. कुणावर? दिनकरवर! मुलींच्या वसतिगृहात विनापरवाना घुसला, मुलींचं चोरून चित्रण केलं, अफवा पसरवली, सरकारी कामात अडथळा आणला. त्यातलं दुसरं कलम बघा. पाण्याच्या टाकीबद्दल लिहिणाऱ्या माणसाला असा डाग लावला की गावात कुणी त्याच्या बाजूनं बोलायलाच धजू नये. कलम लावणाऱ्याच्या डोक्याची मी मनातल्या मनात जी पूजा बांधली, ती छापायला संपादक तयार होणार नाहीत.

दिनकर स्वतःच्या पायांनी आत गेला. वार्ताहराची सवय नडली. ही माणसं रोज सकाळी पोलीस ठाण्यात जातात, काल काय घडलं ते विचारतात, फौजदाराबरोबर चहा पितात. त्यामुळं फोन आला, “दिनकरराव, चहाला या की,” तेव्हा हा उठला आणि गेला. माझा नियम सगळ्यांना पाठ होता, बोलावणं आलं की एकट्यानं जायचं नाही, आधी मला फोन करायचा, मी भाजी घेऊन येते. पण चहाला जायला वकील कशाला, असं त्याला वाटलं. वर त्यानं तिथं जाऊन आपला मोबाईल काढला आणि फौजदाराला व्हिडिओ दाखवला. बातमी खरी आहे हे पटावं आणि पोलिसांची बाजूही छापता यावी म्हणून! फौजदारानं पूर्ण बघितला, मोबाईल ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाला, “बसा आता.” शुक्रवार होता. अशी बोलावणी शुक्रवारीच येतात, कारण पुढं सुट्टी लागून येते आणि माणूस आत कुजतो.

मी पोचले तेव्हा तो लॉकअपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. मला बघून आधी ओशाळला.

“वकीलबाई, मी हॉस्टेलात पाऊल टाकलं न्हाई. माझ्या पोरीची आण.”

“कळलं.”

“व्हिडिओ मी काढलेला न्हाई. कुणी काढला ते सांगितलं तर मी सुटतो. म्हणून तुम्ही तेवढं इचारू नका.”

मी विचारणार नव्हतेच. बातमी कुणी दिली, हे मी आयुष्यात एकाही वार्ताहराला विचारलं नाही. मला जे माहीत नाही, ते माझ्या तोंडून निसटणार नाही, एवढी साधी गोष्ट आहे. फौजदार मात्र मला बाहेर चहा देऊन गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, आम्हाला त्यांच्याशी काय वैर हाय व्हय? आतलं कोण फितूर हाय तेवढं नाव द्या म्हणावं. ते चित्रणाचं कलम काढून टाकतो, उद्या घरी.” म्हणजे वसतिगृहात गेलेला दिनकर नाही, हे यांना पक्कं ठाऊक होतं. यांना नाव हवं होतं. मी तो चहा तसाच ठेवून उठले.

पोलीस कोठडी झाली, मग तो न्यायालयीन कोठडीत, कोल्हापूरच्या जेलमध्ये गेला. तालुक्याच्या न्यायाधीशांनी जामीन दिला, पण अट घातली. जामीनदार त्याच तालुक्यातला पाहिजे आणि त्याच्या नावावर जमीन पाहिजे. जामीनदार म्हणजे काय, तर आरोपी पळून जाणार नाही याची हमी घेणारा माणूस. सातबारा दाखवायचा, सही करायची. कागदावर सोपं दिसतं. आमच्या जिल्ह्यात ते किती अवघड आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही.

त्या भागातला साखर कारखाना ज्या नेत्याचा, दूधसंघही त्याचाच, आणि वसतिगृहाच्या देखभालीचं कंत्राट त्याच्या मेव्हण्याचं. मी दिनकरच्या चुलत भावाकडं गेले. तो म्हणाला, “वकीलबाई, भाऊ हाय ओ माझा, काळीज तुटतंय. पर माझा ऊस फडात उभा हाय. कारखान्याकडनं तोडणीची चिठ्ठीच आली न्हाई तर वाळून चिपाड हुईल. सही कशी करू?” दुसऱ्याकडं गेले. त्याच्या चार म्हशी. म्हणाला, “उद्यापासनं माझ्या दुधाला फॅट लागत न्हाई म्हणतील आणि कॅन परत पाठवतील.” तिसऱ्यानं पोहे खायला घातले, माडीवर बसवलं, आणि म्हणाला, “पावणं, जेवून जावा, मुक्काम करा. पर सहीचं तेवढं बोलू नका.” सरकारला या माणसांना तुरुंगात टाकायची गरजच नाही. ऊस तोडायचा थांबवला की झालं. कुठल्या कायद्याच्या पुस्तकात हे कलम सापडत नाही आणि याच्याविरुद्ध अपील कुठं करायचं तेही लिहिलेलं नाही. मी त्या तिघांवर चिडले नाही. चिडले ती माझ्या कोटावर. वकिलाला स्वतःच्या अशिलाचा जामीनदार होता येत नाही. नाहीतर पेठेतलं घर मी तिथल्या तिथं लिहून दिलं असतं.

इकडं दिनकरच्या पोरीला वर्गात शेजारच्या मुलीनं सांगितलं, “आई म्हणाली, तुझ्याजवळ बसू नको. तुझे पप्पा पोरींचे व्हिडिओ काढतात.” पोरीनं शाळेत जायचं बंद केलं. त्याची बायको माझ्या ऑफिसात येऊन बसायची. रडायची नाही. एकदा फक्त म्हणाली, “त्यांनी नाव सांगावं असं मी म्हणत न्हाई, वकीलबाई. पर त्या माणसाला तरी काय वाटतं का न्हाई?” मी तिच्यासाठी चहा मागवला.

कोठडी वाढवायची तारीख होती. दिनकरला बेड्या घालून तालुक्याच्या कोर्टात आणणार होते. सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, पायात रबरी चप्पल, हातात प्लास्टिकची पिशवी. तिला मी शालन म्हणेन.

“दिनकर भाऊंच्या वकील तुम्हीच न्हवं? मला जामीन ऱ्हायाचंय.”

सातबारा तिच्या नावावर होता. नवरा गेल्यावर वाट्याला आलेली थोडी भातशेती. म्हणजे ऊस नाही. म्हशी नाहीत. नेत्याला तिचं काही अडवता येणार नाही! मला एवढा आनंद झाला की मी तिला नीट विचारलंच नाही. “करता काय?” म्हटल्यावर ती म्हणाली, “शेती,” मी लिहून घेतलं. कागद तयार केले आणि कोर्टात दिले.

आता इथं एक रीत असते. जामीनदाराला पिंजऱ्यात उभं करून न्यायाधीश विचारतात, आरोपी तुमचा कोण, त्याला कसं ओळखता. अनोळखी माणूस पैसे घेऊन जामीन राहू नये, म्हणून. बहुतेक जण ‘गावकरी’, ‘पाहुणा’ म्हणतात आणि सुटतात. मीही तिला तेवढंच सांगून ठेवलं होतं.

“आरोपी तुमचे कोण?” न्यायाधीशांनी विचारलं.

“कोण न्हाईत.”

मी तिला डोळ्यांनी खुणावलं, पण तिचं माझ्याकडं लक्षच नव्हतं.

“मग जामीन का राहताय?”

शालननं पदर ओढून घेतला. “सायेब, ह्यो माणूस हॉस्टेलात गेलाच न्हाई. मला म्हाईत हाय.”

न्यायाधीशांनी मान वर केली. तपासाचा हवालदार भिंतीला टेकून मोबाईल बघत होता, त्यानं मोबाईल खिशात टाकला. सरकारी वकील सावरून बसले.

“तुम्हाला कसं माहीत?”

शालननं तोंड उघडलं. आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून दिनकर ओरडला. तो कधी आवाज चढवणारा माणूस नव्हता.

“साहेब! मी या बाईला ओळखत न्हाई! कोण हाय ही? मला हा जामीनदार नको!”

मी खोटं सांगत नाही, सगळं कोर्ट पिंजऱ्याकडं वळलं. जामीनदाराला आरोपी पाहिजे नसतो, हे मी शेकड्यानं बघितलं. आरोपीनंच आपला जामीनदार नाकारलेला मी पहिल्यांदा बघत होते. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, “नको म्हणताय? परत आत जावं लागेल, कळतंय ना?”

“कळतंय साहेब. अनोळखी माणसाचा जामीन मला नको.”

शालन बघतच राहिली. तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जामीनदार नामंजूर झाला. मी टेबलावरून कागद अक्षरशः ओढून घेतले, तिचं मनगट धरलं आणि तिला महिला वकिलांच्या खोलीत नेऊन दाराआड उभी केली. मागोमाग हवालदार आलाच.

“मॅडम, मगाच्या त्या बाई कुठं गेल्या?”

“एसटीला गेल्या.”

“जरा आत बघू?”

“ही बायकांची खोली आहे. विनापरवाना घुसलास तर कुठलं कलम लागतं ते तुला पाठ असेल, परवाच लावलंयस. पाय मागं घे.”

घेतला. मी आतून कडी लावली आणि वळले. शालन रागानं हातातली पिशवी चुरगळत होती.

“व्हिडिओ मीच काढलाय,” ती म्हणाली. “मी तितं सैपाक करतो. पोरींनी वकारी करकरून अंथरुणं भरवली. गृहपाल म्हणतोय कसा, आंबील पाजा. बाजारात भाजी घेताना मी भाऊंच्या हातात मोबाईलमधलं कार्ड ठिवलं. आज दवाखान्याची रजा काढून आलोय. त्यांची पोरगी साळंत जाईना झालीय, वकीलबाई. माझ्या बी घरात पोरगी हाय. मी आत जाऊन सांगतो. काय करतील? खातील काय मला?”

आमच्याकडच्या बायका बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, आणि ती तसंच बोलली. पण तिच्या त्या बोलण्यानं माझी काय अवस्था झाली ते सांगते. ही बाई कोर्टात बोलली तर माझा अशील निर्दोष. वकील म्हणून माझं कामच ते, तिला पुढं करणं. आणि माझ्याच अशिलानं पाच मिनिटांपूर्वी भर कोर्टात ओरडून तिला मागं ढकललं होतं. मी तिला म्हटलं, “घरी जा. मी त्याला विचारल्याशिवाय एक अक्षर बोलायचं नाही.” ती ऐकेना. शेवटी मी तिच्यावर खेकसले. खेकसणं मला जमतं.

जेलच्या जाळीपलीकडून दिनकर माझ्यावरच उखडला. “तुम्ही तिला उभी केलीच कशी?”

“मला स्वप्न पडलं होतं व्हय ती कोण ते? तूच सांगितलंस ना विचारू नका म्हणून!” मीही ओरडले. मग आवाज खाली आणला. “दिनकर, ती सांगायला तयार आहे. तुझ्या पोरीचा तरी विचार कर.”

तो जाळीला कपाळ टेकून उभा राहिला. मला वाटलं, आता हो म्हणेल. देवाशपथ सांगते, त्यानं हो म्हणावं असं मलाही वाटत होतं.

“ती कंत्राटी हाय, वकीलबाई. तिला उद्या काढतील, परवा तिच्यावरच ते कलम लावतील. मी पुरुष असून मला सोडलं न्हाई, तिचं काय करतील? आणि ह्याच्यापुढं तालुक्यात मला कोण येऊन काय सांगंल? आज मी तिला ओळखत न्हाई म्हणालो. आता ते मरंस्तवर खरं.”

मग त्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, “पोरीला सांगा, पप्पा हॉस्टेलात गेलाच नव्हता. तुम्ही सांगा. तुमचं ऐकंल ती.” मी त्याच्या घरी गेले आणि पोरीसमोर खाली बसून सांगितलं. तिनं विचारलं, “मग कोर्टात का सांगत न्हाईत?” अकरा-बारा वर्षांच्या पोरीला याचं उत्तर द्यायची पाळी ज्यांनी माझ्यावर आणली, त्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

मी सेशन्स कोर्टात गेले. तालुक्यातलाच जामीनदार कशासाठी, या मुद्द्यावर इतकी तडकून बोलले की न्यायाधीशांनी मला पाणी प्यायला सांगितलं. जिल्ह्यातला कुणीही चालेल, असा हुकूम झाला. आमच्या पेठेतले आण्णा, एकेकाळचे फुटबॉलचे गोलकीपर, घराची कागदपत्रं घेऊन उभे राहिले. “आरोपीला कसं ओळखता?” तर आण्णा म्हणाले, “पेपर वाचतो की त्यांचा! ओळखायला आणि काय पायजे?” कोर्ट हसलं. दिनकर बाहेर आला.

इथं टाळ्या वाजवायच्या असतील तर थांबा. केस अजून चालू आहे. आरोपपत्र दाखल झालं, त्यात ते घाणेरडं कलम तसंच आहे. दिनकर तारखेला येतो, पुढची तारीख घेतो, एसटीनं परत जातो. पेपरनं त्याला परत घेतलं नाही. तो दुकान चालवतो आणि मोबाईलवर स्वतःच्या बातम्या देतो, चांगल्या देतो. वसतिगृहाची टाकी आता वेळेवर धुतात. गृहपालावर काही कारवाई? झाली की! त्याला बढती मिळाली, तालुक्यातली सगळी वसतिगृहं त्याच्या हाताखाली आली. शालन अजून तिथंच स्वयंपाक करते, आणि तो अजून तिचा साहेब आहे. केस संपेपर्यंत तिचं नाव बाहेर येऊन चालणार नाही. म्हणून दिनकर आणि ती बाजारात समोरासमोर आले तरी एकमेकांकडं बघत नाहीत. एकदा भाजीच्या पाटीपाशी दोघांचा हात एकाच पेंडीवर गेला, तर त्यानं हात काढून घेतला आणि दुसऱ्या पाटीकडं गेला. हे तीच मला सांगत होती, सांगताना हसत होती, आणि मला काही हसू येईना.

मागच्या लग्नसराईत शालनच्या पोरीचं लग्न झालं. मला बोलावणं होतं, मी गेले. मांडवात माईकवरून मानकऱ्यांची नावं पुकारत होते आणि एकेकाला फेटा बांधत होते. आमच्याकडं फेट्याशिवाय लग्न लागत नाही. गृहपालसाहेबांचं नाव पुकारलं. ते उठले, सोफ्यावरून पुढं आले, मान वाकवली. त्यांना भगवा फेटा बांधला आणि शालननं स्वतःच्या हातानं त्यांना नारळ दिला. नोकरी टिकवायची तर द्यावाच लागतो. मी तिथं बसून जिलेबी चावत होते की दात, मला सांगता यायचं नाही.

निघताना शालननं मला मांडवाच्या मागं, चुलाणापाशी बोलावलं. एक चार खणांचा डबा फडक्यात बांधून तयार होता.

“सगळा गाव जेवला, वकीलबाई,” ती म्हणाली. “त्यो सायेब बी जेवून, पान खाऊन गेला. ज्याचा पयला मान, त्येवढाच माणूस मला बोलवता आला न्हाई. पोचवाल?”

दुसऱ्या दिवशी दिनकर कोर्टाच्या कामासाठी माझ्या ऑफिसात आला. मी डबा पुढं ठेवला. त्यानं फडकं सोडलं. जिलेबी, मसालेभात, वांग्याची भाजी, आणि सगळ्यात वरच्या खणात अक्षता. तो त्या अक्षतांकडं बघत राहिला. कुठलं जेवण, म्हणून त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. बाहेरच्या खोलीत दुसरे अशील बसले होते, त्यात त्याच गावचे दोघं होते.

मी उठले आणि ऑफिसचं दार आतून लावून घेतलं. माझ्या अशिलाला लग्नाचं जेवण जेवायचं होतं.